थंडीत छोटा ट्रॅक्टर : आधी डिझेलमधलं पाणी काढा

भाताची कापणी उरकली की बेळगाव-खानापूरकडे मसूर, हरभरा, वाटाणा मागे राहिलेल्या ओलीवर पेरायचा असतो. ती ओल कुणासाठी थांबत नाही. नेमका तेव्हाच ट्रॅक्टर मिस्त्रीच्या दारात अडकला की पेरणी लांबते आणि मसूर विरळ उगवतो. शेताचे असे विरळ तुकडे दर हंगामाला दिसतात. चौकशी केली तर बहुतेक वेळा एकच कारण निघतं : डिझेलमध्ये पाणी.

दिवसा कडक ऊन आणि पहाटे चांगलाच गारठा. अर्धी टाकी ठेवून ट्रॅक्टर उभा केला की रिकाम्या भागातल्या हवेतला दमटपणा गार पत्र्यावर थेंब धरतो. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाला साठत जातं आणि एके दिवशी इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाकडे ओढलं जातं. पंप आणि नोझलला (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) डिझेलचंच वंगण असतं. पाणी शिरलं की गंज चढतो, भाग घासतात आणि खर्च हजारांत जातो.

म्हणून टाकी सकाळी नव्हे, संध्याकाळी काम संपल्यावर भरा. आठवड्यातून एकदा, आणि दाट धुकं पडलं तर दुसऱ्याच दिवशी, सेल मारण्याआधी (स्टार्टर फिरवण्याआधी) डिझेल फिल्टरखालचा स्क्रू सैल करा. निघेल ते वाटीत धरा, निव्वळ डिझेल येईपर्यंत. मग स्क्रू आवळून डिझेलच्या नळीतली हवा काढा. कॅनमधून आणलेलं डिझेल रात्रभर न हलवता ठेवा, वरचंच ओता, तळाचं दोन बोटं राहू द्या.

दुकानात 'थंडीसाठी' म्हणून डिझेलमध्ये टाकायची बाटली पुढे करतील. आपल्याकडे डिझेल गोठेल अशी थंडी पडत नाही. ते पैसे नव्या डिझेल फिल्टरला घाला.

बाकीची कामं :
- बॅटरी : डिस्टिल्ड वॉटरची पातळी, टर्मिनल साफ. रात्रभर उभ्या बॅटरीचा व्होल्टेज १२.४ च्या खाली असेल तर चार्जिंग.
- ऑइल : पुस्तिकेतल्या ग्रेडचं, बहुतेक ठिकाणी १५डब्ल्यू-४०.
- रेडिएटर : बोअरचं पाणी नको, त्यातल्या क्षारांचा थर बसतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, प्रमाण डब्यावरचं. इथे कूलंट गोठू नये म्हणून नव्हे, गंजासाठी लागतं.
- टायरमधली हवा : सकाळी, टायर गार असताना.
- फॅनचा पट्टा, एअर फिल्टर.

सुरू करताना क्लच दाबून धरा. सेल एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये अर्धा मिनिट थांबा. गार इंजिनचा पांढरा धूर थोडा वेळ चालतो. गरम झाल्यावरही धूर राहिला आणि इंजिन अडखळत असेल, तर माझा अंदाज आधी पाण्यावर जातो. नोझल खोलायला सांगण्याआधी फिल्टर रिकामा करून बघा. हीटर प्लग (गार इंजिन आतून तापवणारा) असलेल्या इंजिनात स्टार्टिंगचा स्प्रे कधीही मारू नका, आतच भडका उडून पिस्टन फुटू शकतो.