‘ग्रीन फॉर डेंजर’ पहिल्यांदा बघताना

रहस्यपट बघायला बसले की माझ्या मांडीवर वही असते, आणि सिडनी गिलियट यांच्या १९४६ च्या या सिनेमासाठी तर ती हवीच. बघण्याआधी कथानक मात्र अजिबात वाचू नका. दीड तासाचा सिनेमा आहे, खुनी कोण हे त्यालाच सांगू द्या.

सुरुवातीलाच ऑपरेशन टेबलाभोवती सहा जण उभे दिसतात. तोंडावर मास्क, डोक्यावर टोपी, उघडे फक्त डोळे. निवेदक एकेकाचं नाव सांगत जातो. इथे सिनेमा थांबवा आणि नावं लिहून घ्या: सर्जन ईडन, भूल देणारे डॉ. बार्न्स, सिस्टर बेट्स, आणि लिनली, सॅन्सन, वुड्स या तीन नर्सेस. ईडनला सगळे ‘मिस्टर’ म्हणतात म्हणून तो डॉक्टर नाही असं समजू नका. ब्रिटनमध्ये सर्जनला मिस्टरच म्हणायची रीत आहे. सिस्टर म्हणजे नर्सेसची वरिष्ठ. नावांपुढे कोणाचा कोणावर जीव आहे तेही टिपत जा. लिनली आणि बार्न्स यांचं लग्न ठरलेलं, ईडनची नजर लिनलीवर, आणि बेट्सचा जीव ईडनमध्ये अडकलेला. हा गुंता डोक्यात पक्का नसेल तर पुढच्या अर्ध्या संवादांतली धार कळतच नाही.

काळ ऑगस्ट १९४४ चा, जागा इंग्लंडच्या ग्रामीण भागातलं युद्धकाळातलं इस्पितळ. जूनपासून जर्मनीचे व्ही-१ उडते बॉम्ब इंग्लंडवर पडत होते. त्यांच्या इंजिनाची घरघर ऐकू येत असे तोवर लोक निदान श्वास घेत. घरघर थांबली की बॉम्ब खाली येणार हे ठरलेलं. म्हणून आवाज मोठा ठेवा आणि घरघर कधी थांबते तिकडे कान द्या. १९४६ च्या प्रेक्षकाला हे समजावून सांगावं लागत नव्हतं, आपल्याला ते आधी माहीत असलेलं बरं.

अशाच एका बॉम्बमध्ये जखमी झालेला पोस्टमन हिगिन्स ऑपरेशन टेबलावर दगावतो. तो प्रसंग डोळ्यांत तेल घालून बघा. चेहऱ्यांपेक्षा हातांकडे लक्ष द्या: कोण कुठे उभं आहे, कोण काय उचलून देतंय, भूल देण्याच्या यंत्राजवळ कोण जातंय. या सिनेमाची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट इथेच आहे. नावात हिरवा रंग, आणि पडद्यावर काळा, पांढरा, करडा यांपलीकडे काही नाही. तरी सिनेमा लबाडी करत नाही; डोळ्यांना जे दिसू शकत नाही त्याची सोय त्याने दुसरीकडे केली आहे. संगणकाने रंगवलेली एखादी प्रत हाती लागली तरी ती बाजूला ठेवा.

टीव्हीवर बघत असाल तर चित्र ताणून पडदाभर करू नका. ते मुळात चौकोनाकडे झुकणारं आहे, कडेच्या काळ्या पट्ट्या राहू द्यात. खोलीतले दिवे घालवा. नाचाच्या कार्यक्रमानंतर सिस्टर बेट्स एकटी, वारं सुटलेल्या अंधारातून ऑपरेशन थिएटरकडे जाते, तो भाग छायाचित्रकार विल्की कूपर यांनी जवळजवळ सगळा सावल्यांतच टिपला आहे. पडद्यावर बल्बचं प्रतिबिंब पडलं तर त्यातलं निम्मं हातचं जातं.

इन्स्पेक्टर कॉकरिल बऱ्याच उशिरा येतो, तोवर धीर धरा. अ‍ॅलिस्टर सिम यांनी तो असा रंगवलाय की आल्यापासून नजर त्याच्यावरून हलत नाही. निवेदकही तोच. पण म्हणून त्याच्यावर डोळे झाकून विश्वास टाकू नका. अंथरुणात पडून तो एक रहस्यकथा वाचतो, खुनी ओळखला या आनंदात शेवटचं पान उलटतो, आणि तिथे त्याचा चेहरा पडतो. तो क्षण नीट बघा. हा माणूस चुकू शकतो हे दिग्दर्शकाने तिथे उघड सांगून ठेवलंय. तेव्हा त्याचा तर्क ऐका, पण तुमचा संशय वहीत वेगळा लिहा, आणि शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांच्या आधीच लिहा.

दुसऱ्यांदा बघाल तेव्हा हिगिन्सच्या ऑपरेशनचा प्रसंग पुन्हा सावकाश चालवा; सगळं समोरच ठेवलेलं होतं हे लक्षात येईल. क्रिस्टियाना ब्रँड यांची मूळ कादंबरी १९४४ ची आहे. ती जरूर वाचा, पण सिनेमा झाल्यावरच.