सक्काराची भिंत वाचायची कशी?

इजिप्तमधल्या सक्काराला गेलं की सगळे थेट पायऱ्यांच्या पिरॅमिडकडे पळतात, पण माझ्या मते झोसेर राजाच्या त्या समाधीभोवतीची भिंतच जास्त बोलते. इसवीसनपूर्व 2650 च्या आसपासची, मूळ उंची साधारण साडेदहा मीटर आणि घेर 1600 मीटरच्या वर. प्रत्यक्ष जाणार असाल किंवा घरबसल्या फोटो झूम करून बघणार असाल, पद्धत तीच.

आधी जुनं कुठलं नि नवं कुठलं ते वेगळं करा. फ्रेंच वास्तुरचनाकार ज्याँ-फिलिप लोएर 1926 मध्ये तिथे आले आणि पुढे कित्येक दशकं पडलेले दगड जुळवत बसले, त्यामुळे प्रवेशद्वारापाशी जी उंच भिंत दिसते तिचा बराच भाग परत उभारलेला आहे. नव्या दगडावर मापं घेतलीत तर सगळं मुसळ केरात.

मग दगडाचा आकार बघा, खरी गंमत इथेच आहे. दगड इतके छोटे की लांबून वीटकामच वाटतं, कारण तोवर राजांच्या समाध्या मातीच्या कच्च्या विटांच्या असायच्या आणि गवंड्यांच्या हाताला तीच सवय, दगड मिळाला तरी रचला विटेसारखाच! भिंतीतले खाचे-कोनाडे पण त्याच विटांच्या बांधकामातून उचललेले. मापं मीटरमध्ये घ्या पण शेजारी राजहस्तात, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या लांबीच्या मापात लिहा, एक हात म्हणजे साधारण 52.5 सेंमी.

बाहेरचा पांढरा गुळगुळीत चुनखडक नाईलपलीकडच्या तुरा इथल्या खाणींचा, आतली भर तिथल्याच ओबडधोबड दगडाची. बाहेरचा थर पडलाय तिथे दोन्ही एकत्र दिसतात, तो फोटो आधी घ्या.

छिन्नीचे घाव बघायला सकाळ किंवा संध्याकाळच गाठा, ऊन तिरपं पडलं की बारीक चरे सावलीने उठून दिसतात, भर दुपारी तोच दगड सपाट कोरा. मी दुपारी गेलेलो, वर फोटोत स्केलपट्टी ठेवायलाही विसरलो, आता शंभरेक फोटो आहेत आणि एकातही दगड किती मोठा ते कळत नाही.

दारं मोजा. 15 आहेत, त्यातली 14 नुसती देखाव्याची, आत जाता येतं ते आग्नेय कोपऱ्याजवळच्या एकातूनच.

आणि तुलनेला जवळचीच, झोसेरनंतरचा राजा सेखेमखेत याची भिंत घ्या, इजिप्शियन पुरातत्त्वज्ञ झकारिया गोनेम यांनी 1950 च्या दशकात वाळूतून काढलेली. दगड लगेच मोठे झालेले दिसतील, म्हणजे एवढ्यात हात दगडावर बसला होता. काम अर्धवट राहून भिंत गाडली गेली म्हणून लेव्हलसाठी मारलेल्या लाल रेघा टिकल्या, कामगारांनी काढलेली चित्रं पण आहेत, आणि एका ठिकाणी चक्क झोसेरच्या पिरॅमिडचा रचनाकार मानला जाणाऱ्या इम्होतेपचं नाव.