अणुवीज केंद्रातील कामासाठी पोलीस पडताळणी आणि प्रवेशपत्र: पुण्याहून जाणाऱ्यांसाठी

पुणे जिल्ह्यातील अनेक कारखान्यांचा अणुवीज केंद्रांशी जुना संबंध आहे. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात अणुभट्टीची कॅलेंड्रिया आणि एंड शील्ड यांसारखी अवजड यंत्रसामग्री घडवली गेली आहे आणि पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यातून पंप, व्हॉल्व्ह किंवा नियंत्रण यंत्रणेच्या कामासाठी तंत्रज्ञ अधूनमधून तारापूर, काक्रापार, कैगा किंवा रावतभाटा येथे पाठवले जातात. असे काम मिळाल्यावर कंपन्या तांत्रिक तयारी चोख ठेवतात, परंतु माणसांच्या कागदपत्रांकडे शेवटच्या आठवड्यात वळतात. पडताळणी रखडण्याचे कारण बहुधा अर्जदाराचा संशयास्पद भूतकाळ हे नसते. दोन कागदांवरील पत्ते किंवा नावे न जुळणे हेच असते. म्हणून पर्चेस ऑर्डरची वाट न पाहता, कोणाला पाठवायचे हे ठरताच कागदपत्रांचे काम हाती घ्यावे.

प्रवेशासाठी तीन वेगवेगळे प्रश्न सुटावे लागतात आणि ते वेगवेगळ्या यंत्रणांच्या हाती असतात. माणूस कोण आहे आणि त्याच्याविषयी काही नोंद आहे का, याचे उत्तर पोलीस देतात. त्याला केंद्राच्या कोणत्या भागात, किती काळ आणि कोणत्या कामासाठी जाऊ द्यायचे, हे केंद्राचे व्यवस्थापन ठरवते आणि प्रवेशद्वारावर त्याची अंमलबजावणी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल करते. तो किरणोत्साराच्या क्षेत्रात काम करण्यास योग्य आहे का, हा प्रश्न केंद्राच्या आरोग्यभौतिकी विभागाकडे (किरणोत्सारापासून माणसांच्या संरक्षणाचे काम पाहणाऱ्या विभागाकडे) जातो आणि त्याचे नियम १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने घालून दिलेले आहेत. एका ठिकाणचा होकार दुसऱ्या ठिकाणी चालत नाही, तसेच एका केंद्राचे प्रवेशपत्र दुसऱ्या केंद्रात उपयोगी पडत नाही.

पोलीस पडताळणीत पुणेकरांची पहिली अडचण हद्दीची असते. पुणे शहर पोलीस, १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झालेले पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय आणि पुणे ग्रामीण पोलीस अशा तीन यंत्रणा या जिल्ह्यात आहेत आणि टपालाच्या पत्त्यात फक्त ‘पुणे’ लिहिलेले असले, तरी हिंजवडी, वाकड, चाकण किंवा तळेगाव येथे राहणाऱ्याचा अर्ज पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे, तर इंदापूर किंवा बारामतीच्या रहिवाशाचा अर्ज ग्रामीण पोलिसांकडे जातो. लोणी काळभोर आणि लोणीकंद ही ठाणी पूर्वी ग्रामीणकडे होती, ती २०२१ मध्ये शहर पोलिसांकडे आली. जुन्या दाखल्यावर ग्रामीण पोलिसांचा शिक्का असला म्हणून नवा अर्जही तिकडेच करू नये. चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रासाठी अर्ज ऑनलाइन करता येतो, मात्र त्यापूर्वी आपले पोलीस ठाणे कोणते, हे प्रत्यक्ष विचारून घ्यावे. पासपोर्ट कार्यालयातून मिळणारे पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्र परदेशात जाणाऱ्यांसाठी असते. त्याची प्रत जोडून काम भागेल असे गृहीत धरू नये.

त्यानंतरचा आणि सर्वांत चिवट भाग पत्त्यांचा आहे. सरकारी साक्षांकन अर्जात (पडताळणीसाठी स्वतःची माहिती भरून देण्याच्या नमुन्यात) सर्वसाधारणपणे मागील पाच वर्षांत एका वर्षाहून अधिक काळ जेथे वास्तव्य केले, ते सर्व पत्ते कालावधीसह विचारले जातात. मूळ गाव लातूर किंवा बीड, शिक्षण सांगलीला, पहिली नोकरी भोसरीत आणि सध्याची खोली वाकडला, असा प्रवास केलेल्या तरुणाला हे पत्ते आठवून लिहावे लागतात आणि आधार कार्डावर बहुधा गावाचाच पत्ता असतो. अशा वेळी सध्याच्या वास्तव्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत भाडेकरार सर्वांत उपयोगी ठरतो. भाडेकराराची नोंदणी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार बंधनकारक आहे, तरीही अनेक घरमालक शंभर किंवा पाचशे रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर भागवतात. भाडेकरूने येथे भिडेखातर गप्प राहू नये. कायमचा आणि सध्याचा पत्ता वेगवेगळ्या जिल्ह्यांत किंवा राज्यांत असेल, तर चौकशी दोन्हीकडे होऊ शकते. गावाकडच्या पोलीस पाटलांना आणि अर्जात ज्यांची नावे दिली आहेत त्या परिचितांना आधी कल्पना देऊन ठेवावी, कारण ‘येथे राहत नाही’ एवढाच शेरा आल्यास अर्ज परत फिरतो.

गुन्ह्यांविषयीच्या रकान्यात अटक, खटला, दंड, शिक्षा आणि प्रलंबित प्रकरणे यांची वेगवेगळी विचारणा असते. पुण्यात गणेशोत्सवातील ध्वनिमर्यादेवरून मंडळाच्या पदाधिकाऱ्यांवर गुन्हे नोंदले जातात आणि त्यात नाव असलेल्या कार्यकर्त्याला कधीकधी ती गोष्ट आठवतही नाही. माझे मत स्पष्ट आहे: प्रकरण किरकोळ वाटले, मिटले असले किंवा निर्दोष सुटका झाली असली, तरी ते लिहावे आणि न्यायालयाच्या आदेशाची प्रत जोडावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात, सरकारी नोकरीच्या संदर्भात, पडताळणी अर्जातील माहिती खरी असली पाहिजे आणि त्यात काहीही दडवलेले नसावे, असे सांगितले. त्याच वेळी किरकोळ प्रकरण दडवले गेले असल्यास नियोक्त्याने तारतम्याने निर्णय घ्यावा, अशीही वाट मोकळी ठेवली. कंत्राटी कामगाराला हा निर्णय जसाच्या तसा लागू होईलच असे नाही, पण तपासणाऱ्यांची दृष्टी त्यातून कळते. दुचाकीवर आलेले आणि भरून टाकलेले ई-चलन म्हणजे न्यायालयाने केलेला दंड नव्हे. परंतु तेच चलन न्यायालयात जाऊन दंड झाला असल्यास कंपनीच्या वकिलाला विचारून नोंद करावी. ‘ठाण्यात ओळख आहे, लगेच करून देतो’ असे सांगणाऱ्या मध्यस्थाला पैसे देऊ नयेत.

नावांचा घोळ थोडक्यात आटोपता येतो. विवाहानंतर नाव बदललेल्या महिलेची पदवी माहेरच्या आणि आधार सासरच्या नावाने असल्यास विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा शासकीय राजपत्रातील नावबदलाची प्रत जोडावी. वडिलांचे नाव एका कागदावर पूर्ण आणि दुसऱ्यावर आद्याक्षराने असल्यास तो फरकही अर्जापूर्वीच दुरुस्त करून घ्यावा.

प्रत्यक्ष जाण्याच्या दिवशी मूळ ओळखपत्र, कंपनीचे पत्र आणि पडताळणीची प्रत हाताशी ठेवावी. तारापूरसाठी बोईसर स्थानक जवळचे आहे. पुण्याहून पहाटे निघून त्याच दिवशी काम सुरू होईल असे नियोजन करू नये, कारण प्रवेशपत्र, छायाचित्र आणि सुरक्षा प्रशिक्षण यांतच पहिला दिवस जातो. मोबाइल, कॅमेरा, स्मार्ट घड्याळ आणि पेन ड्राइव्ह निवासस्थानीच ठेवावेत. लॅपटॉप किंवा चाचणी उपकरण आवश्यक असेल, तर त्याची परवानगी अनुक्रमांकासह आधीच मागावी लागते आणि अवजारांची यादी परतीच्या गेटपासवर इतकी काटेकोर लिहावी की एखादा पानाही राहून जाणार नाही. यादीत नसलेली वस्तू बाहेर काढताना होणारा मनस्ताप आत नेतानाच्या त्रासापेक्षा मोठा असतो. पेन ड्राइव्हविषयीचा हा कडकपणा काहींना अतिरेकी वाटतो. मात्र २०१९ मध्ये कुडनकुलम केंद्राच्या प्रशासकीय कामासाठीच्या, इंटरनेटला जोडलेल्या संगणकात मालवेअर आढळल्याचे न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनने स्वतः मान्य केले होते. छायाचित्रे आणि आराखडे यांबाबत शासकीय गुपिते कायदा, १९२३ लागू होतो, त्यामुळे प्रवेशद्वारासमोरची सेल्फीदेखील टाळावी आणि बायोडेटात केंद्राचे नाव व कामाचे स्वरूप याहून अधिक तपशील लिहू नये.

किरणोत्साराच्या क्षेत्रात काम असेल, तर वय किमान १८ वर्षे असणे, वैद्यकीय तपासणी आणि टीएलडी बॅज (अंगावर लावायचा, शरीराला मिळालेला किरणोत्सार मोजणारा बिल्ला) या गोष्टी अनिवार्य आहेत. कामगाराला मिळणाऱ्या किरणोत्साराच्या डोसची मर्यादा सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (डोस मोजण्याचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी आहे. त्यामुळे पूर्वी दुसऱ्या केंद्रात किंवा औद्योगिक रेडिओग्राफीच्या कामात मिळालेला डोस सांगणे कामगाराच्याच हिताचे असते. काम हातचे जाईल या भीतीने तो लपवण्याचा सल्ला देणारा ठेकेदार कामगाराच्या शरीरावर जुगार खेळत असतो. गर्भवती महिलेने आपली स्थिती शक्य तितक्या लवकर कळवावी, कारण त्यानंतर गर्भासाठी वेगळी, अधिक कडक मर्यादा लागू होते. बॅज आपला आपणच वापरावा. सहकाऱ्याला देऊ नये आणि उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये.

काम संपल्यावर घाई होते आणि पुण्याची गाडी गाठायची असते. तरीही प्रवेशपत्र परत करणे, बॅज जमा करणे आणि सांगितले असल्यास संपूर्ण शरीराची गणना (शरीरात किरणोत्सारी पदार्थ गेला आहे का, याची यंत्राने केलेली मोजणी) किंवा जड पाण्याच्या अणुभट्टीत काम केले असल्यास ट्रिटियम या किरणोत्सारी हायड्रोजनसाठी मूत्रतपासणी पूर्ण करणे, ही कामे निघण्यापूर्वीच उरकावीत. आपला टीएलडी क्रमांक लिहून घ्यावा आणि डोसची नोंद कंपनीकडून लेखी मागून स्वतःच्या फाइलमध्ये ठेवावी. नोकरी बदलल्यावर पुढील केंद्र सर्वप्रथम तोच क्रमांक विचारते.