तीन किलोचं बाळ, साठ मिलीचं सर्किट

डायलिसिसचा डिप्लोमा झाल्यावर चार वर्षं मी मोठ्यांचीच डायलिसिस केली. मग नाशिकमधल्याच एका बालरुग्णांच्या आयसीयूत लागलो. वाटलं, मशीन तेच, फक्त पेशंट लहान.

पहिल्याच महिन्यात सुरगाण्याकडून चार दिवसांचं बाळ आलं. दूध ओढेना, अंग लुळं, श्वास मात्र भराभर. जंतुसंसर्ग असेल असंच सगळे धरून चालले होते. डॉक्टर मॅडमनी रक्तातला अमोनिया तपासायला पाठवायला सांगितला. नमुना घेऊन मी निघालो आणि लिफ्टपाशी रेंगाळलो. लॅबमधल्या ताईंनी तो परत केला. "बर्फ कुठंय दादा? असा आलेला अमोनिया खोटाच वाढलेला दिसतो." बाळाला पुन्हा टोचावं लागलं, ते माझ्यामुळे. दुसरा नमुना बर्फात ठेवून जिन्याने पळत नेला. आकडा ८०० च्या वर!

या मुलांची किडनी बहुधा ठणठणीत असते. बिघाड यकृतातल्या एखाद्या एन्झाइमचा. प्रथिनांतल्या नायट्रोजनचा युरिया होत नाही, अमोनिया साठतो, मेंदूला सूज येते. आकडा लिटरमागे ५०० मायक्रोमोलच्या आसपास गेला की नुसत्या औषधांच्या भरवशावर थांबत नाहीत, डायलिसिस लावतात.

नव्याने येणाऱ्यांनी आधी हा हिशोब पाठ करावा. किलोमागे साधारण ८० मिली रक्त, म्हणजे ३ किलोच्या बाळात २४० मिली. सर्किटमध्येच, म्हणजे मशीनच्या नळ्या आणि फिल्टरमध्ये, ६० मिली मावतं. बाळाचं पाव रक्त नळ्यांत गेलं तर बीपी कोसळणारच. दहा टक्क्यांच्या वर गेलं की सर्किट रक्तपेढीच्या रक्ताने भरून घेतात. त्या रक्तात पोटॅशियम जास्त, आणि ते गोठू नये म्हणून घातलेल्या सायट्रेटमुळे बाळाचं कॅल्शियम उतरतं. कॅल्शियम भरून हाताशी ठेवा. बाळ गारही पटकन पडतं. मी मॉनिटरवरचं तापमान बघतोच, शिवाय तळव्यालाही हात लावून बघतो.

मशीन चालू असताना शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाइन, जातच असतं, नाहीतर शरीर स्वतःचे स्नायू मोडून पुन्हा अमोनिया करतं. प्रथिनंही एक-दोन दिवसांपलीकडे बंद ठेवत नाहीत, तेही याच कारणाने. अमोनिया उतरवणारं औषध, सोडियम बेंझोएट, मशीनमधून थोडं धुऊन जातं, हे सिस्टरना माहीत असतं, टेक्निशियनलाही असावं. आणि मशीन थांबल्यावर आकडा परत उसळी घेतो, म्हणून कॅथेटर काढायची घाई कुणी करत नाही.

तिसऱ्या दिवशी बाळाने डोळे उघडले. वडिलांनी विचारलं, "रक्त धुतलं, आता बरा ना?" एन्झाइम काही परत येत नाही, हे त्यांना मॅडमनी खाली बसून सांगितलं. आजी सगळं ऐकत होती. तिने विचारलं, "मग सहाव्या महिन्यात वरणाचं पाणी?" डाएटिशियनने पर्समधून छोटा वजनकाटा काढला.