गाडी गरम होते, पण नेमकी कधी?

इंदूरच्या राजवाड्याच्या गर्दीत तापमानाचा काटा चढतो आणि बायपासला लागलं की उतरतो. दुसऱ्या गाडीला शहरात काहीच होत नाही, पण धामनोदकडून मानपूरचा घाट चढताना ती तापते. लक्षण एकच, दुखणं वेगळं. म्हणून पाना हातात घेण्याआधी गाडी कधी गरम होते ते दोन-चार दिवस बघून ठेवा. निम्मं निदान तिथेच होतं.

काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला की आधी एसी बंद करा आणि हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर जोरात. इंदूरच्या मे महिन्यात ही शिक्षाच, पण हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर. तो इंजिनाची थोडी उष्णता ओढून घेतो. बऱ्याच नव्या छोट्या गाड्यांत काटा नसतो, दिवा असतो: निळा म्हणजे इंजिन गार, लाल म्हणजे प्रमाणाबाहेर तापलंय. लाल लागला किंवा वाफ दिसली की कडेला घेऊन इंजिन बंद. पुढचा पाऊण तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा. त्या दाबामुळे ११० अंशांनाही कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि सगळं उकळून तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतू नका. इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे ॲल्युमिनियमचं हेड, वाकतं, कधी तडकतं.

तपासणी सकाळी, गाडी पूर्ण गार असताना. जादा कूलंटच्या प्लास्टिकच्या डबीतली पातळी दोन रेघांच्या मध्ये हवी, पण एवढ्यावर विसंबू नका. झाकण असलेल्या रेडिएटरमध्ये आत डोकावून बघा. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर इंजिन गार होताना डबीतलं कूलंट परत ओढलं जात नाही. डबी भरलेली आणि रेडिएटर रिता, असं होतं. झाकण बदलणं हा सगळ्यात स्वस्त इलाज, म्हणून तो आधी. मग गळती शोधा. गळतं तिथे कूलंट वाळून पांढरट-हिरवट खपली धरते: होज पाईपच्या क्लिपांशी, रेडिएटरची प्लास्टिकची टाकी ॲल्युमिनियमला जोडली आहे त्या कडेला, वॉटर पंपाखालच्या बारीक भोकाशी. भोकातून ओघळ आला असेल तर पंपाचं सील गेलं, पंप बदलायचा. बाहेर काहीच नाही, पण पुढच्या सीटखालचं कार्पेट ओलं आणि आत गोडसर वास? मग हीटरचा कोर गळतोय.

गर्दीत तापणाऱ्या गाडीत संशय पंख्यावर. धावत्या गाडीला समोरचा वारा मिळतो, उभ्या गाडीला फक्त पंखा. इंजिन चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत काही सेकंदांत पंखा फिरायला हवा. नाही फिरला तर फ्यूज बघा, मग रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच). हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून बघा. तरीही नाही, तर पंख्याचा प्लग काढून मोटरला बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्या. फिरली तर मोटर ठीक, दोष वायरिंगमध्ये किंवा टेंपरेचर सेन्सरमध्ये. हात मात्र पात्यांपासून लांब; काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा अचानक सुरू होतो.

घाटात किंवा हायवेवर तापते तेव्हा प्रश्न कूलंटच्या वाहण्याचा किंवा रेडिएटर चोंदल्याचा. माळव्यात सोयाबीनच्या काढणीनंतर उडालेला भुसा एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत नमद्यासारखा बसतो, पुढून दिसतही नाही. इंजिनाच्या बाजूने बाहेर, साध्या नळीने धुवा. प्रेशर वॉशरने पापुद्र्यासारखे फिन आडवे होतात. इंजिन तापलेलं असताना वरचा होज चटका देतो आणि खालचा गारच राहतो, तर बहुधा थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट तापलं की वाट उघडणारी झडप, अडकलाय. तो काढून दोऱ्याला बांधा, पातेल्यात तळाला न टेकता लोंबता सोडा आणि पाणी तापवा. त्यावर कोरलेल्या अंशांना, साधारण ८२ ते ८८ ला, तो उघडायला लागला पाहिजे. पाणी उकळूनही बंदच राहिला तर नवा घ्या, सोबत नवी गॅस्केट किंवा रबर रिंग. हवा सोडायची बारीक पिन असेल तर ती वरच्या बाजूला येऊ द्या.

‘आपल्याकडच्या उन्हात थर्मोस्टॅट लागतच नाही’ म्हणून तो काढून फेकायचा सल्ला हमखास मिळतो. ऐकू नका. इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जातं, आणि काही इंजिनांत कूलंटची रेडिएटर टाळून जाणारी बायपासची वाट उघडी राहिल्याने गाडी उलट जास्त गरम होते.

डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं, सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर, किंवा गार इंजिन सुरू करताच रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, यातलं काही दिसलं तर बहुधा हेड गॅस्केट (हेड आणि इंजिनाच्या मधलं सील) गेली. हे घरचं काम नाही. गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या, आणि हेड उतरवल्यावर ते सपाट आहे का हे मोजून फेसिंग (घासून सपाट) करायला सांगा.

कूलंट भरताना घाई नडते. बोरिंगच्या पाण्याने गीझरच्या रॉडवर जो पांढरा थर चढतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत चढतो. नर्मदेचं नळाचं पाणीही नको, डिस्टिल्ड वॉटरच घ्या. जुनं कूलंट पसरट टबात काढा. ते गोड लागतं आणि विषारी असतं, गाय-कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नका. डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुतल्यावर थोडं पाणी इंजिनात राहतंच, म्हणून तयार मिश्रणाऐवजी कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, बरं. एकूण क्षमता साडेचार लिटर असेल तर आधी सव्वादोन लिटर कॉन्सन्ट्रेट, मग डिस्टिल्ड वॉटर. प्रकार मॅन्युअलमध्ये बघून घ्या, रंगावरून नाही.

आता झाकण उघडं, हीटर पूर्ण गरमवर, इंजिन आयडलवर पंधरा-वीस मिनिटं. वरचा होज कापड धरून अधूनमधून दाबा, अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते; तेव्हा भरून झाकण लावा. दुसऱ्या दिवशी पातळी थोडी उतरेल, ती भरा. चौथ्या दिवशीही उतरलेली दिसली तर पुन्हा खपली शोधायला लागा.