जर्मनीत येताय? लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट करा, आणि किल्ली कुठे ठेवायची ते विमानात बसण्याआधी ठरवा

जर्मनीत येणाऱ्यांचे प्रश्न दरवर्षी तेच असतात. प्रेशर कुकर आणावा का, व्हिसासाठी लागणारं ब्लॉक्ड अकाउंट कुठे उघडावं, कायमची खोली मिळेपर्यंत अनमेल्डुंगचं, म्हणजे पत्त्याच्या सरकारी नोंदणीचं, काय करायचं. या सगळ्याची उत्तरं मंडळाच्या ग्रुपवर कुणी ना कुणी देतंच. लॅपटॉपबद्दल विचारतात ते एवढंच, की भारतातून आणावा की इथे घ्यावा. डिस्क एन्क्रिप्ट करावी का, म्हणजे तिच्यावरच्या फायली किल्लीशिवाय वाचताच येणार नाहीत असं करावं का, हे अजून कुणी विचारलेलं मला आठवत नाही. म्हणून न विचारताच सांगतो.

तुमच्या लॅपटॉपवर आत्ता काय काय आहे ते एकदा बघा. पासपोर्टचं स्कॅन, व्हिसाचा अर्ज, आधार, पॅन, जन्मदाखला, सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, एपीएसचं, म्हणजे जर्मन व्हिसासाठी लागणाऱ्या पदवी-पडताळणीचं, प्रमाणपत्र. एज्युकेशन लोनसाठी बँकेला दिलेले वडिलांचे आयटीआर, आईच्या एफडीच्या पावत्या, तारण ठेवलेल्या फ्लॅटचा इंडेक्स टू नाहीतर शेताचा सातबारा. घरी हे कागद वेगवेगळ्या फायलींत, कपाटात कुलपाआड असतात. निघायच्या गडबडीत सगळे एका फोल्डरमध्ये येतात आणि त्या फोल्डरला 'जर्मनी डॉक्स फायनल' असं नाव मिळतं. इथे आल्यावर त्यात टॅक्स आयडी, आरोग्य विम्याचा नंबर, भाडेकरार आणि रेसिडेन्स परमिटच्या कार्डाच्या दोन्ही बाजू जमा होतात. दुसऱ्याच्या नावावर मोबाइलचा करार किंवा हप्त्यावर वस्तू घ्यायला जे लागतं, ते सगळं एकाच ठिकाणी. त्यातलं निम्मं तर तुमचंही नाही, आईवडिलांचं आहे.

आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नका. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. ज्या फोल्डरमध्ये आधार आहे त्याच फोल्डरमध्ये पासपोर्टचं स्कॅनही आहे, तेव्हा तो ओळखायला फार डोकं लागत नाही.

विंडोजचा लॉगिन पासवर्डही इथे कामाचा नाही. तो म्हणजे पुढच्या दाराला भक्कम कुलूप आणि मागची भिंतच नाही. पेनड्राइव्हवरून उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) चालू केलं, किंवा चार स्क्रू काढून एसएसडी, म्हणजे आतली डिस्क, दुसऱ्या मशीनला लावली, की सगळ्या फायली पासवर्ड न विचारता समोर. डिस्क एन्क्रिप्ट असेल तर तीच एसएसडी चोराच्या हातात नुसता अर्थहीन आकड्यांचा ढीग असते.

जर्मनी एकंदरीत सुरक्षित देश आहे, आणि इथेच गफलत होते. विद्यापीठाच्या वाचनालयात लॅपटॉप टेबलावर उघडा टाकून कॉफीला जायची इथे पद्धत आहे. महिनाभरात आपणही तसंच करू लागतो. गाडी मोठ्या स्टेशनात थांबली की डोक्यावरच्या रॅकमधली सॅक उचलून शांतपणे उतरणारे लोक इथेही आहेत. पोलिसांत तक्रार ऑनलाइन करता येते, घरसामानाचा विमा असेल आणि त्याच्या अटीत बसत असेल तर पैसेही मिळतात. फोल्डर मात्र गेलं ते गेलं.

आता प्रत्यक्ष काम. विंडोज ११ होम असेल तर सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' आणि त्यात 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' बघा. प्रो असेल तर त्याचंच थोरलं रूप, बिटलॉकर. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या मशीनवर किंवा विंडोज नव्याने टाकल्यावर एन्क्रिप्शन बहुधा आपोआप सुरू होतं. त्यामुळे तुमचं कदाचित आधीच चालू असेल आणि तुम्हाला पत्ता नसेल. हे ऐकायला छान वाटतं, पण मला यातच जास्त धोका दिसतो. का ते पुढे सांगतो.

एक बारकावा आधी. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन न करता नुसत्या लोकल खात्यावर काम करत असाल, तर डिस्क एन्क्रिप्ट झालेली दिसते पण संरक्षण चालू नसतं. किल्ली डिस्कवरच उघडी पडून असते. खात्री करायची तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'मॅनेज-बीडीई -स्टेटस' (manage-bde -status) ही कमांड इंग्रजीत टाइप करा. तिथे शंभर टक्के एन्क्रिप्टेड आणि खाली 'प्रोटेक्शन ऑफ' असं दिसलं, तर काम अर्धंच झालं आहे.

मॅकवाल्यांना सोपं आहे. सिस्टिम सेटिंग्जमध्ये फाइलव्हॉल्ट चालू करा. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर डिस्क मुळातच एन्क्रिप्टेड असते, फाइलव्हॉल्ट तिची किल्ली तुमच्या पासवर्डशी बांधतो, त्यामुळे वेळ लागत नाही. लिनक्सवाल्यांनी उबुंटू टाकतानाच एन्क्रिप्शनचा पर्याय निवडावा. चालू सिस्टिमवर नंतर लक्स, म्हणजे लिनक्सचं डिस्क एन्क्रिप्शन, बसवणं शक्य आहे, पण ती उठाठेव थिसिसच्या वर्षात करू नका.

चालू करणं हे दहा मिनिटांचं काम. खरं काम आहे रिकव्हरी कीचं, म्हणजे अडलं तर डिस्क उघडणाऱ्या राखीव किल्लीचं, आणि परदेशी आलेल्या माणसाची फजिती नेमकी तिथे होते.

बिटलॉकर एरवी तुम्हाला काही विचारत नाही. मदरबोर्डवरची टीपीएम चिप मशीन ओळखीचं आहे एवढं बघते आणि डिस्क उघडते. पण बायोसचं, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचं, अपडेट आलं, मदरबोर्ड बदलला, किंवा कोर्ससाठी उबुंटू टाकायचं म्हणून सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) बंद केलं, की चिपला संशय येतो आणि निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर डेटा परत मिळत नाही. कुठल्याही दुकानात नाही, मायक्रोसॉफ्टकडूनही नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरचे संगणक बंद पडले, तेव्हा अनेक कंपन्यांची माणसं दिवसदिवस हेच आकडे शोधत बसली होती. त्यांच्याकडे निदान आयटी विभाग होता. तुमच्याकडे तुम्हीच.

बायोस अपडेट करण्याआधी बिटलॉकर तात्पुरता 'सस्पेंड' करायचा, हे लक्षात ठेवा. डिस्क डिक्रिप्ट करायची गरज नसते.

तर ही की आहे कुठे? सर्वसाधारणपणे तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात. आता भारतातून आणलेल्या लॅपटॉपचं काय होतं ते बघा.

पहिला प्रकार, लॅपटॉप दुकानदाराने 'सेट करून' दिलेला. ऑफिस टाकून, अँटिव्हायरस टाकून, सगळं तयार. त्या वेळी साइन इन कुठल्या खात्याने केलं? दुकानाच्या खात्याने केलं असेल, तर तुमच्या डिस्कची किल्ली त्या दुकानाच्या खात्यात आहे. सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स' उघडून कोणाचा ईमेल दिसतो ते आजच पाहा.

दुसरा प्रकार, कॉलेजने किंवा आधीच्या कंपनीने दिलेल्या ईमेलने साइन इन केलेलं. तिथे की त्या संस्थेच्या सिस्टिममध्ये जमा होते. पास झालात किंवा राजीनामा दिलात की खातं बंद. नंतर पुण्यातल्या एचआरला म्युनिकहून मेल लिहीत बसायचं.

तिसरा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो. खातं तुमचंच, पासवर्डही आठवतो, पण ओटीपी जातो भारतातल्या नंबरवर. ते सिम इथे आल्यावर ड्रॉवरमध्ये पडलेलं असतं. रिचार्ज करायचं राहतं. ९० दिवस नंबर वापरात नसेल तर कंपनी तो बंद करू शकते, आणि काही काळाने तोच नंबर दुसऱ्या कुणाला तरी मिळतो. मग निळ्या पडद्यावर ४८ आकडे मागितले जातात, आकडे खात्यात असतात, आणि खात्याची वाट त्या मेलेल्या सिममधून जाते. बँकेच्या ओटीपीसाठी भारतातला नंबर जिवंत ठेवा असं सगळेच सांगतात. मी म्हणेन ठेवाच, पण लॅपटॉपची किल्ली त्याच्यावर अवलंबून ठेवू नका. जर्मन नंबर मिळाला की त्याच दिवशी मायक्रोसॉफ्ट, ॲपल आणि गूगल या तिन्ही खात्यांत तो घाला, आणि खात्याचा रिकव्हरी कोड वेगळा छापून ठेवा. फोन आणि लॅपटॉप एकाच सॅकमधून एकदमच चोरीला जाऊ शकतात, हे विसरू नका.

रिकव्हरी की कागदावरही हवी. लोक घाबरतात, कागद कुणाच्या हाती लागला तर? लागू दे. लॅपटॉप नसेल तर त्या आकड्यांचा कुणाला काही उपयोग नाही. नियम एकच, कागद आणि लॅपटॉप एका जागी नकोत. लॅपटॉपच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवलेली की मी पाहिली आहे, म्हणून सांगतो. एक प्रत इथे मूळ प्रमाणपत्रांच्या फायलीत ठेवा, एक घरी आईवडिलांकडे. सोबत त्या कीच्या आयडीची पहिली आठ अक्षरंही लिहा. निळा पडदा तीच दाखवतो, आणि एकाहून जास्त मशीन असतील तर कुठली की कुठल्या डिस्कची ते त्यावरून कळतं.

बाबांनी फोनवर आकडे वाचून दाखवायची वेळ आली तर एक युक्ती आहे. ते ४८ आकडे सहा-सहाच्या आठ गटांत असतात आणि प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. एखाद्या गटाला भाग जात नसेल तर त्यातला आकडा चुकीचा वाचला किंवा लिहिला गेला आहे. कॅल्क्युलेटर घेऊन बसा, चूक सापडते.

की मायक्रोसॉफ्टकडे ठेवली म्हणजे न्यायालयाच्या आदेशावर ती कंपनी देऊ शकते, यावर काहीजण ग्रुपवर तावातावाने लिहितात. मुद्दा खरा आहे. पण तुमची भीती स्टेशनवरच्या चोराची असेल तर त्याने काही बिघडत नाही. ज्यांना तेही नको असेल त्यांनी प्रो आवृत्तीत की फक्त छापून ठेवावी, किंवा व्हेराक्रिप्ट हे एन्क्रिप्शनचं वेगळं सॉफ्टवेअर वापरावं. ते मोफत आहे, ट्रूक्रिप्ट या जुन्या सॉफ्टवेअरवरून २०१३ मध्ये निघालं, आणि जर्मनीच्या बीएसआयने, म्हणजे बॉनच्या सरकारी माहिती सुरक्षा कार्यालयाने, त्याची तपासणीही करवून घेतली आहे. मात्र तिथे पासवर्ड विसरलात तर विचारायला कुणी नाही.

व्हेराक्रिप्ट किंवा लक्स वापरणाऱ्यांना इथल्या कीबोर्डबद्दल सांगायलाच हवं. जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेड यांच्या जागा उलट आहेत, आणि चिन्हं तर कुठल्या कुठे गेलेली. विंडोज सुरू होण्याआधी येणाऱ्या व्हेराक्रिप्टच्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकनच धरला जातो, बटणावर छापलेलं अक्षर काहीही असो. लॅपटॉप इथून घेतलात तर ही भानगड नक्की भेटते. म्हणून पासवर्डात वाय, झेड आणि चिन्हं टाळा, त्याऐवजी तो लांब करा. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिले तरी उत्तम चालतात. फक्त म्हण, अभंगाची ओळ किंवा आरतीचं कडवं घेऊ नका. जे हजारोंना पाठ आहे ते ओळखताही येतं.

झाकण मिटलं म्हणजे लॅपटॉप बंद झाला असं नाही. स्लीपमध्ये किल्ली मेमरीत जागीच असते आणि तुम्ही व चोर यांच्यात फक्त लॉगिन पासवर्ड उरतो. लांबच्या प्रवासाला निघताना शट डाउन करा. आणि लॉगिनचा पिन १२३४ ठेवणार असाल तर वरचं सगळं वाचायची गरज नव्हती.

बॅकअप वेगळा लागतोच. एन्क्रिप्टेड डिस्क बिघडली तर तिच्यातून फायली खरडून काढणं जवळपास अशक्य. बाहेरची हार्ड डिस्क घ्या, पण तीही एन्क्रिप्ट करा, नाहीतर चोराने फक्त ड्रॉवर बदलायचा. मॅकच्या टाइम मशीनमध्ये तसा पर्याय असतो. विंडोज होमवर बाहेरच्या डिस्कवर बिटलॉकर लावता येत नाही, तिथे व्हेराक्रिप्टच बरं.

कंपनीचा लॅपटॉप बहुधा एन्क्रिप्ट होऊनच येतो. पण त्याची किल्ली कंपनीची, म्हणून घरची कागदपत्रं त्यावर ठेवू नका.

इथून लंडनला किंवा अमेरिकेला जाणं होतंच. अमेरिकेच्या सीमेवर अधिकारी लॅपटॉप तपासू शकतात. परदेशी माणसाने तो उघडून द्यायला नकार दिला तर प्रवेश नाकारला जाऊ शकतो. ब्रिटनमध्ये २००० सालच्या कायद्यानुसार रीतसर नोटीस देऊन पासवर्ड मागता येतो आणि न देणं हा गुन्हा आहे. एन्क्रिप्शन चोरासाठी आहे, अधिकाऱ्यांशी वाद घालण्यासाठी नाही. प्रवासाला फक्त लागतील तेवढ्याच फायली न्या.

दोन-तीन वर्षांनी लॅपटॉप बदलाल आणि जुना क्लाइनआनत्सायगन या जुन्या वस्तूंच्या साइटवर विकायला काढाल. एसएसडीवरून फाइल नुसती डिलीट केली की ती गेली असं धरून चालत नाही. वरून दुसरं काही लिहिलं तरी जुने तुकडे राहू शकतात. डिस्क पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्टेड असेल तर रिसेट करताना 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा आणि 'क्लीन डेटा' चालू करा, किल्ली नष्ट झाली की राहिलेले तुकडे निरुपयोगी. त्यानंतर मायक्रोसॉफ्ट खात्याच्या यादीतून ते मशीन काढा. मॅक असेल तर 'फाइंड माय'मधूनही काढा, नाहीतर घेणारा दुसऱ्या दिवशी बेल वाजवतो.