पालक संघाचे ध्येयनिवेदन कसे लिहावे

शाळेच्या पालक संघाची पहिली सभा झाली की कोणीतरी उत्साहाने सुचवते, ‘आपले एक मिशन स्टेटमेंट असायला हवे.’ मग कागद येतो, दहा मिनिटांत ‘सर्वांगीण विकास’, ‘समन्वय’ आणि ‘कटिबद्ध’ हे तीन शब्द त्यावर उतरतात, आणि आठवड्याभरात प्रवेशद्वारावर फ्लेक्स लागतो. फलक लावण्यात आपण कोल्हापूरकर कधीच मागे राहत नाही. आमच्या संघानेही पहिल्या वर्षी हेच केले. त्या वर्षी जमलेल्या वर्गणीचा मोठा भाग स्नेहसंमेलनाच्या मंचसजावटीवर गेला, पाण्याच्या टाकीचे दोन नळ मात्र फेब्रुवारीपर्यंत गळत राहिले, आणि यातील कोणत्याच गोष्टीला फ्लेक्सवरच्या वाक्याचा विरोध नव्हता. ध्येयनिवेदन लिहायचे ते एखाद्या खर्चाला, उपक्रमाला किंवा हट्टाला त्याच्या आधारे ‘हे आपले काम नाही’ असे म्हणता यावे म्हणून. पुढील सर्व सूचना या एका अपेक्षेतून आलेल्या आहेत.

लेखणी उचलण्यापूर्वी आपण नेमके कोण आहोत, हे ठरवून घ्यावे. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार महापालिका, जिल्हा परिषद व अनुदानित शाळांमध्ये शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात, आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणे हे तिचे कायद्याने ठरलेले काम आहे. शिक्षक-पालक संघ ही वेगळी रचना आहे, आणि महाराष्ट्राच्या 2011 च्या शुल्क विनियमन कायद्याने खासगी शाळांमध्ये तिला शुल्काच्या प्रश्नातही स्थान दिले आहे. या दोहोंपलीकडे, वर्गातील पाच-पंचवीस पालकांनी स्वेच्छेने चालवलेला गटही असू शकतो. जे अधिकार आपल्याकडे नाहीत, त्यांचे आश्वासन निवेदनात देऊ नये. स्वेच्छेने जमलेल्या गटाने ‘शिक्षणाचा दर्जा उंचावणे’ हे ध्येय लिहिले, तर शिक्षकांना ते आपल्यावरील पहारा वाटते, आणि तसे वाटण्यात त्यांची चूक नसते.

ध्येयनिवेदन आणि ब्रीदवाक्य यांतही गल्लत करू नये. ब्रीदवाक्य तीन-चार शब्दांचे, बोधचिन्हाखाली शोभणारे असते. ध्येयनिवेदन दोन किंवा तीन पूर्ण वाक्यांचे असते आणि ते शोभेसाठी नसल्यामुळे थोडे रुक्ष झाले तरी चालते.

खरे काम मजकूर लिहिण्याआधीचे आहे, आणि त्याला निदान तीन आठवडे द्यावेत. प्रत्येक पालकाला मुलाच्या डायरीतून एक कोरी चिठ्ठी पाठवावी व तिच्यावर एकच प्रश्न छापावा: ‘गेल्या वर्षभरात शाळेच्या बाबतीत तुम्ही कुठे अडलात?’ अपेक्षा विचारू नयेत. अपेक्षा विचारल्या की सगळे जण संस्कार आणि गुणवत्ता लिहितात. नाव लिहिण्याची सक्ती नसावी. व्हॉट्सॲपच्या गटावर हा प्रश्न टाकला तर नेहमीचेच सहा जण उत्तर देतात आणि बाकीचे अंगठा दाखवतात, म्हणून कागदच बरा. ज्या घरी लिहिणारे कोणी नसेल, तेथे मुलाने आजीचे किंवा आईचे म्हणणे लिहून आणावे.

आमच्याकडे आलेल्या चिठ्ठ्यांपैकी दोन मला अजून पाठ आहेत. एकीत लिहिले होते, ‘सभा अकराला असते, माझी पहिली पाळी तीनला सुटते.’ हे पालक शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत काम करणारे होते, आणि संघ ज्यांना ‘उदासीन पालक’ म्हणत असे त्यांच्या यादीत त्यांचे नाव होते. दुसरी चिठ्ठी 2019 च्या महापुरात घरात पाणी शिरलेल्या एका आईची होती: ‘पुस्तकं परत मिळाली, पण भिजलेल्या वह्या पुन्हा उतरून काढायला कुणी वह्या दिल्या नाहीत.’ संघाने त्याच काळात पूरग्रस्तांसाठी गावातून धान्य गोळा केले होते. आपल्याच वर्गातील मुलाला हव्या होत्या फक्त शेजारच्या बाकावरच्या वह्या. अशा चिठ्ठ्या टेबलावर पसरून एका जातीच्या एकत्र ठेवल्या की चार-पाच ढीग तयार होतात. सर्वांत उंच ढीग आधी निवेदनात यावा. बाकीच्यांतून एखादाच घ्यावा.

मसुदा दोघांनीच लिहावा, शक्यतो एक पालक आणि एक शिक्षक. वीस जणांनी मिळून लिहिलेल्या वाक्यात प्रत्येकाचा एक शब्द राहतो आणि अर्थ कोणाचाच राहत नाही. दोघांनी चार प्रश्नांची उत्तरे शोधावीत: काम कोणासाठी, कोणते काम, कोणाच्या साथीने, आणि काय करणार नाही. चौथा प्रश्न बहुतेक संघ टाळतात. निवेदनाला धार मात्र त्यानेच येते.

आमच्या फ्लेक्सवरील जुने वाक्य असे होते: ‘विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी पालक, शिक्षक व व्यवस्थापन यांच्यात समन्वय साधून गुणवत्तापूर्ण वातावरण निर्माण करण्यास आम्ही कटिबद्ध आहोत.’ यातील ‘सर्वांगीण’ काढले तर काय बिघडते, असे मसुदा करणाऱ्या बाईंनी विचारले, आणि काही बिघडत नाही असे दिसले. ‘गुणवत्तापूर्ण’ काढले, तरी काही बिघडले नाही. ‘समन्वय’ या शब्दापाशी मात्र त्या थांबल्या आणि म्हणाल्या, ‘म्हणजे नक्की काय करायचं? फोन करायचा, की घरी जायचं?’ या प्रश्नावर अर्धा तास गेला, आणि निवेदनाचा अर्धा भाग त्यातूनच तयार झाला. शेवटी मंजूर झालेला मजकूर असा: ‘शाळेत आलेले प्रत्येक मूल वर्षभर शाळेत टिकावे आणि मागे पडू नये, यासाठी आम्ही पालक व शिक्षक त्याची ये-जा, बुडालेला अभ्यास आणि घराशी संवाद यांतील अडचणी मिळून सोडवू. सभेला येऊ न शकणाऱ्या पालकांचे म्हणणे विचारल्याशिवाय आम्ही खर्चाचा निर्णय घेणार नाही, आणि वर्गणी दिली नाही म्हणून कोणत्याही मुलाला उपक्रमातून वगळणार नाही.’ याला सुंदर गद्य कोणी म्हणणार नाही, पण ते वाचून कोणालाही संघाकडे हिशेब मागता येतो.

नेमकेपणाचा नमुना हवा असेल, तर तो याच गावात आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठरवला. काम कोणाचे आणि ते न केल्यास काय होईल, हे दोन्ही त्यात सांगितलेले होते. पालक संघाला दंडाचा अधिकार नाही, नसावाही; परंतु जबाबदारी कोणाची, हे क्रियापदावरून कळावे एवढी शिस्त आपल्याला पाळता येते. म्हणून ‘प्रयत्न केले जातील’, ‘भर दिला जाईल’ अशी कर्ता लपवणारी रूपे खोडून तेथे ‘आम्ही करू’ असे लिहावे.

मसुदा झाला की तो मागील वर्षाच्या इतिवृत्तावर तपासावा. वर्षभरातील आठ-दहा ठराव घेऊन प्रत्येकापुढे, हे निवेदन असते तर हा ठराव झाला असता का, ते लिहावे. सगळेच ठराव झाले असते असे उत्तर आले, तर मसुदा परत करावा. आमच्या तपासणीत मंचसजावट अडली, एक सहल अडली, कारण तिची वर्गणी न भरलेली मुले घरी राहिली होती, आणि नळांची दुरुस्तीही निवेदनाबाहेर राहिली, कारण ती ये-जा, बुडालेला अभ्यास आणि घराशी संवाद या तीन चौकटींपैकी कोणत्याच चौकटीत बसत नव्हती. त्यावर वाद झाला. नळ हे शाळेचे काम आहे, संघाने त्याचा पाठपुरावा करावा पण पैसे घालू नयेत, असे ठरले. मला ते आजही पूर्ण पटलेले नाही.

मंजुरी रीतसर घ्यावी. मजकूर सभेच्या आठ दिवस आधी डायरीतून घरी पाठवावा, एक सभा सकाळी व एक सायंकाळी सहानंतर ठेवावी, आणि सूचक व अनुमोदक यांच्या नावांसह ठराव इतिवृत्तात नोंदवावा. मुख्याध्यापकांशी मसुद्याच्या टप्प्यावरच बोललेले असावे. मंजुरीनंतर दाखवला तर तो त्यांना निर्णयाची नोटीस वाटेल.

मजकुराची जागा प्रवेशद्वारापेक्षा पावतीपुस्तकाच्या आतल्या पानावर आणि सभेच्या प्रत्येक सूचनेच्या माथ्यावर अधिक योग्य आहे, कारण पैसे व निर्णय तेथे होतात. संघाची कार्यकारिणी दरवर्षी बदलते, त्यामुळे जूनमधील पहिल्या सभेत निवेदन वाचून त्यावर पुन्हा मत घ्यावे आणि मजकुराखाली ठराव क्रमांक व तारीख घालावी. चिठ्ठ्या फेकू नयेत. त्या एका पाकिटात इतिवृत्ताच्या वहीला जोडून ठेवाव्यात. पुढच्या वर्षी नवा सचिव ‘वर्गणीचे ते वाक्य कशाला हवे?’ असे विचारणारच, तेव्हा त्याच्या हाती ते पाकीट देता येते.